भेदभावाच्या दाव्यात स्वतःच्याच वकिलांवरचा विश्वास उडाला तर काय करावे?

प्रश्न

प्रसूती रजेवरून परतल्यावर माझ्याकडची जबाबदारी काढून घेण्यात आली आणि माझ्या मागाहून रुजू झालेल्या पुरुष सहकाऱ्याला बढती मिळाली, म्हणून मी भेदभावाचा दावा दाखल केला आहे. गेल्या आठवड्यात वकिलांनी माझ्या निवेदनाचा मसुदा सहीसाठी पाठवला. त्यात माझी सहा वर्षांची नोकरी तीन वर्षांची झाली होती आणि अकराव्या परिच्छेदात माझा उल्लेख चक्क पुल्लिंगी होता, म्हणजे तो मजकूर दुसऱ्याच कुणाच्या प्रकरणातून उचललेला असावा. ईमेलला दोन-दोन आठवडे उत्तर येत नाही. आता ते तडजोडीचा आग्रह धरत आहेत, पण कारण सांगत नाहीत. तारीख पाच आठवड्यांवर आली असताना वकील बदलावेत का?

पहिले उत्तर

सर्वप्रथम, त्या मसुद्यावर सही करू नका. निवेदन तुमच्या नावाने जाते, त्यामुळे उलटतपासणीत चुकीच्या वर्षांचा जाब तुम्हालाच द्यावा लागेल, वकिलांना नव्हे. चुका परिच्छेदवार लिहून पाठवा आणि त्याच पत्रात विचारा की पुढची मुदत कोणती, त्या सहकाऱ्याच्या बढतीची व मूल्यमापनाची कागदपत्रे कंपनीकडून मागवली आहेत का, आणि तडजोडीचा सल्ला नेमका कशाच्या आधारावर दिला आहे. उत्तरासाठी ठरावीक दिवस द्या.

दरम्यान, नोकरीविषयक खटले चालवणाऱ्या दुसऱ्या वकिलांचे मत पैसे देऊन घ्या. त्यासाठी सध्याच्या वकिलांची परवानगी लागत नाही. मात्र नवे वकील प्रकरण स्वीकारल्याचे लेखी कळवत नाहीत तोवर जुन्यांना सोडू नका, कारण मधल्या काळात एखादी मुदत हुकली तर वकील बदलत होते ही सबब चालेलच असे नाही. फाइलची प्रत आजच मागून घ्या. थकलेल्या शुल्कासाठी वकिलांना ती अडवून ठेवता येते की नाही, याचे नियम देशागणिक वेगळे आहेत.

दुसरे उत्तर

मी स्वतः अशा दाव्यातून गेलो आहे, म्हणून थोडी वेगळी बाजू मांडतो. माझेही वकील फोन घेत नसत आणि तडजोड करा म्हणत, तेव्हा ते समोरच्यांना फितूर झाले असावेत असेच मला वाटे. दुसऱ्या वकिलांनी फाइल चाळून दहा मिनिटांत दाखवून दिले की ज्या सहकाऱ्याशी मी स्वतःची तुलना करत होतो त्याचे पद आणि वरिष्ठ दोन्ही वेगळे होते. भेदभाव केला असे कुणी लिहून ठेवत नाही. तो बहुधा अशा तुलनेतूनच सिद्ध करावा लागतो आणि तुलनाच लंगडी असेल तर दावाही लंगडतो. माझ्या वकिलांचा सल्ला बरोबर होता, फक्त तो समजावून सांगण्याचे कष्ट त्यांनी घेतले नव्हते. तुमच्या बाबतीत तो मसुदा पाहता निष्काळजीपणा उघड आहे, पण तडजोडीच्या सल्ल्याचा निवाडा त्यावरून करू नका.

तिसरे उत्तर

एक गोष्ट राहिली. वकिलांशी झालेले बोलणे गोपनीय असते, पण ते असे चारचौघांत मांडले की ते संरक्षण गमावण्याचा धोका असतो. तडजोडीचा उल्लेख शक्य असल्यास काढून टाका. समोरचा पक्षही हे वाचू शकतो. वकिलांना कार्यालयाच्या ईमेलवरून लिहीत असाल तर तेही थांबवा.

प्रश्नकर्ती

सर्वांचे आभार. शेवटची सूचना वाचून धस्स झाले, कारण आजवरचा बराचसा पत्रव्यवहार मी कार्यालयाच्या लॅपटॉपवरूनच केला आहे. प्रश्नातला तो भाग संपादित करता येतो का, ते पाहते. चुकांचे पत्र आज रात्री घरच्या संगणकावरून पाठवत आहे आणि उत्तरासाठी सात दिवस देत आहे. दुसऱ्या वकिलांची वेळ मिळाली आहे. त्यांच्यासमोर तो अकरावा परिच्छेद ठेवण्याआधी बढतीचे कागद ठेवीन.