मोखाड्याच्या पाणीटंचाईचा प्रकल्प: ग्रामसभेला कळेल असा नकाशा कसा करायचा?

भूगोल_तृतीयवर्ष

चौघांचा गटप्रकल्प आहे. प्रश्न असा की पालघर जिल्ह्यातल्या मोखाडा तालुक्यात पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, तरी उन्हाळ्यात पाड्यांवर टँकर का? जमवलेला डेटा: २०११ च्या जनगणनेचे गावनिहाय आकडे, गावांच्या सीमा, एसआरटीएमचा (अंतराळयानातून रडारने मोजलेला) ३० मीटरचा उंचीचा डेटा, भूजल सर्वेक्षणाच्या निरीक्षण विहिरींची मे आणि ऑक्टोबरची पातळी, ओपनस्ट्रीटमॅपचे रस्ते. काम क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये. सादरीकरण दोनदा आहे, एकदा बहिःस्थ परीक्षकांसमोर आणि एकदा ग्रामसभेत.

अडलंय ते असं. उताराचा नकाशा काढला तर अख्खा तालुका ८९ अंशांचा दिसतो. जनगणनेचा तक्ता सीमांना जोडला की निम्मी गावं रिकामी राहतात. विहिरींच्या पातळीवरून आयडीडब्ल्यूने (जवळच्या बिंदूला जास्त वजन देऊन मधल्या किमती काढणारी पद्धत) पृष्ठभाग काढला तर प्रत्येक विहिरीभोवती गोल कडी उमटतात. आणि पोस्टर दोन्हीकडे एकच चालेल का?

डोंगरउतार

उताराचं कारण सोपं आहे. उंची मीटरमध्ये आणि आडवं अंतर अंशांत, असा तुमचा रास्टर (पिक्सेलच्या चौकटींचा डेटा) आहे. एका पिक्सेलची रुंदी ०.०००२७८ अंश. तेवढ्यात जमीन ५ मीटर चढली तर सॉफ्टवेअरच्या लेखी ती उभी भिंतच. उतार काढायच्या आधी रास्टर यूटीएम ४३ उत्तर या मीटरमध्ये मोजणाऱ्या प्रोजेक्शनमध्ये (ईपीएसजी कोड ३२६४३) आणा, पिक्सेल ३० मीटर ठेवा आणि रीसॅम्पलिंग (नव्या पिक्सेलची किंमत ठरवायची पद्धत) बायलिनिअर निवडा. मूळ निवड निअरेस्ट नेबरची असते. तीच राहिली तर उतारावर आणि हिलशेडवर (डोंगरांच्या छायेच्या नकाशावर) जाळीसारखे पट्टे येतात, आणि मग ते खरे कडे आहेत की काय असं वाटत बसतं. जीडॅलच्या उतार साधनात स्केल (उंचीच्या आणि आडव्या एककांचं गुणोत्तर) १,११,१२० घालून काम भागतं असं कोणी सांगेल. उतारापुरतं ठोकळमानाने भागतंही, पण क्षेत्रफळं आणि अंतरं पुढे चुकतच राहतील. हे वाचणाऱ्या विदर्भातल्या मंडळींसाठी: ७८ अंश रेखांशाच्या पूर्वेला ३२६४४ वापरा.

पार्श्वभूमीला गूगल किंवा ओपनस्ट्रीटमॅपच्या टाइल्स घेतल्या की प्रोजेक्टचं प्रोजेक्शन वेब मर्केटर होऊन बसतं. मोखाड्याच्या अक्षांशावर त्यात लांबी सुमारे ६ टक्के आणि क्षेत्रफळ सुमारे १३ टक्के फुगतं. लेअरही त्याच प्रोजेक्शनमध्ये सेव्ह केला असेल तर फील्ड कॅल्क्युलेटरमध्ये डॉलर-एरिया आणि नुसतं एरिया यांची उत्तरं वेगळी येतात. पहिलं एलिप्सॉइड (पृथ्वीचा गोलसर आकार) धरून मोजतं, दुसरं लेअरच्या सपाट प्रोजेक्शनवर.

तक्त्याचं बघा. पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ ला झाला, म्हणजे २०११ च्या जनगणनेत मोखाडा ठाण्यात आहे. सीमांची फाइल नवी असेल तर जिल्हा आणि गाव असे दोन्ही मिळून केलेली जोडणी फसणारच. गावाच्या नावावरून तर जोडूच नका. रोमन स्पेलिंग दर फाइलला वेगळं असतं. जनगणनेचा सहा अंकी गावकोड घ्या, तो देशभरात एकदाच येतो. तालुक्याचा पाच अंकी कोड लागणार असेल तर सीएसव्ही एक्सेलमध्ये उघडून सेव्ह करू नका, सुरुवातीचं शून्य उडतं. आणि जोडणीनंतरही जी गावं रिकामी राहतील त्यांना शून्याचा रंग देऊ नका. राखाडी तिरक्या रेषा भरा आणि सूचीत ‘माहिती नाही’ असं लिहा.

कातळ

आयडीडब्ल्यूची कडी घालवायची युक्ती विचारलीत तर ती आहे: पॉवर २ वरून १ करा, गुळगुळीत होईल. पण करू नका. इथला खडक बेसाल्ट. पाणी धरतो तो झिजलेला, सच्छिद्र किंवा भेगांचा थर, आणि खालचा घट्ट कातळ जवळपास कोरडा. दोन विहिरी अर्ध्या किलोमीटरवर असूनही एकीला मेमध्ये पाणी आणि दुसरीचा तळ उघडा, हे इथे नेहमीचं. अशा ठिकाणी चार विहिरींवरून तालुकाभर रंगवलेला पृष्ठभाग म्हणजे नसलेली माहिती छापणं. समघनी पद्धत (समान किमतींच्या रेषांची) पावसाला चालते, इथे नाही. विहिरी बिंदू म्हणूनच दाखवा, आणि वर्तुळाचा आकार मे आणि ऑक्टोबरच्या पातळीतल्या फरकावरून ठरवा. परीक्षक विचारतीलच, तेव्हा हेच कारण सांगा. त्याला पृष्ठभागापेक्षा जास्त गुण मिळायला हवेत.

एक गोष्ट तुम्ही विचारलेली नाही, पण तुमचं विश्लेषण तिथेच घसरेल. एसआरटीएमचं मोजमाप फेब्रुवारी २००० मधलं आहे. मध्य वैतरणा धरण त्यानंतरचं. म्हणजे तुमच्या उंचीच्या डेटात जलाशयाच्या जागी अजून दरीच आहे, आणि पाड्यापासून विहिरीपर्यंतची वाट काढायला लावली तर ती खुशाल पाण्याखालून जाईल. सेंटिनेल-२ च्या १० मीटरच्या प्रतिमेवरून हिरवा आणि नजीकचा अवरक्त पट्टा घेऊन एनडीडब्ल्यूआय हा पाणी ओळखणारा निर्देशांक काढा, जलाशयाचं बहुभुज करा आणि तेवढे पिक्सेल अडथळा म्हणून ‘नल’ (रिकामे) करा. प्रतिमा ऑक्टोबर-नोव्हेंबरची घ्या. मेची घेतलीत तर जलाशय आक्रसलेला मिळेल.

अंतर सरळ रेषेत मोजू नका. ग्रास सॉफ्टवेअरचं आर-वॉक हे चालण्याचा वेळ काढणारं साधन वापरा किंवा चालण्याच्या वेगाचं टॉबलरचं सूत्र: वेग ताशी ६ × ई^(−३.५ × |उतार + ०.०५|) किलोमीटर. सपाटीवर ५ किलोमीटर येतो, २० टक्के चढावर २.५. हे मोकळ्या हाताने चालणाऱ्याचं. डोक्यावर हंडा असताना वेग याहून कमीच असणार, तेव्हा नकाशावर ‘किमान वेळ’ असं लिहा. जुन्या सरकारी निकषातही मैदानात १.६ किलोमीटर आणि डोंगरात १०० मीटर उंचीचा फरक असं वेगवेगळं धरलेलं होतं. ओपनस्ट्रीटमॅपवर पायवाटा अर्धवटच आहेत, म्हणून नुसत्या रस्त्यांच्या जाळ्यावर विसंबू नका.

सूची_आणि_प्रमाण

पोस्टर दोनच करा, एक नको. परीक्षकांना पद्धत दिसली पाहिजे: डेटाचं वर्ष, प्रोजेक्शन, वर्गांतर कसं ठरवलं, काय गाळलं. ग्रामसभेला यातलं काहीही नको. तिथे नकाशावर माणूस पहिल्यांदा आपला पाडा शोधतो. तो सापडला नाही तर बाकीच्याकडे बघत नाही. आणि तुमचं एकक महसुली गाव आहे. क्षेत्रघनी नकाशात गावाला एकच रंग लागतो, त्यामुळे गावठाणात नळ आणि वरच्या पाड्यावर टँकर ही मूळ गोष्टच पुसली जाते. पाड्यांच्या जागा आधी क्यूफील्ड या मोबाइल ॲपवर टिपा. मोकळ्या आकाशाखाली मोबाइलची चूक ३ ते ५ मीटर, घळीत बरीच जास्त. पाड्याला तेवढी चालते.

ग्रामसभेसाठी माझ्या मते एकच नकाशा: प्रत्येक विहीर आणि झरा कोणत्या महिन्यापर्यंत पुरतो. फेब्रुवारी, मार्च, एप्रिल, मे आणि बारमाही, असे पाच वर्ग, एकाच निळ्याच्या पाच छटा, बारमाही सर्वांत गडद. लाल-हिरवं टाळा. काहींना तो फरक दिसत नाही, आणि ग्रामपंचायतीत त्याची झेरॉक्स निघणारच आहे, तिथे दोन्ही सारखेच करडे होतात. आधी स्वतः काळी-पांढरी प्रत काढून बघा. खुणेसाठी नदी, डांबरी रस्ता, झेडपीची शाळा, देऊळ आणि धरण एवढं पुरे. धरण वगळलंत तर पहिला प्रश्न त्याचाच येईल, पाणी मुंबईला जातं ना.

शीर्षकात निष्कर्ष लिहा. ‘मोखाडा तालुका: जलस्रोत’ याऐवजी ‘मार्चनंतर कोणत्या पाड्यांची विहीर आटते’. अंकप्रमाण छापू नका, रेषाप्रमाण द्या. ए३ वरून ए१ केलं की लांबी दुप्पट होते, १:१,००,००० लिहिलेलं १:५०,००० होतं आणि कागदावरचा आकडा खोटा ठरतो. रेषा मात्र सोबत वाढते. मार्जिनमध्ये ओपनस्ट्रीटमॅपचं श्रेय, आणि भारताचा छोटा नकाशा टाकणार असाल तर सीमा सर्वे ऑफ इंडियाचीच.

भूगोल_तृतीयवर्ष

उतार ठीक आला, जोडणीही झाली. आता फ्लेक्सवाल्याकडे पीडीएफ दिल्यावर वेलांट्या उड्या मारतात. शिवाय एक सर म्हणतात मोबाइलवर उघडेल असाही नकाशा द्या.

डोंगरउतार

फ्लेक्सवाल्याच्या कोरलड्रॉमध्ये तुमचा फाँट नसतो. प्रिंट लेआउटमधून पीडीएफ काढताना मजकूर ‘पाथ’ म्हणून निर्यात करा, अक्षरं आकृती होतात आणि फाँटचा प्रश्नच राहत नाही. फाँट ‘मुक्ता’ किंवा ‘नोटो सान्स देवनागरी’ घ्या. कृतिदेव किंवा श्रीलिपी अशा जुन्या फाँटमधली नावं तक्त्यात असतील तर आधी युनिकोडमध्ये बदला. डेटा ठेवायला शेपफाइल सोडून जिओपॅकेज ही फाइल घ्या. शेपफाइलमध्ये स्तंभाचं नाव १० बाइटांचं आणि देवनागरीचं एक चिन्ह ३ बाइट खातं, तीन चिन्हांत काय लिहिणार? ए१ ला १५० डीपीआय पुरतो, साधारण ३५०८ × ४९६७ पिक्सेल. दहा फुटांवरून वाचायचं शीर्षक इंचभर उंच हवं. ओळींमध्ये अंतर दीडपट ठेवा, नाहीतर उकार खालच्या ओळीच्या मात्रांना भिडतात.

मोबाइलसाठी क्यूजीआयएस-टू-वेब हे प्लगिन चालेल, पण गावांच्या सीमा आधी हलक्या करा. क्यूजीआयएसच्या सिम्प्लिफायने प्रत्येक बहुभुज सुटा कापला जातो आणि शेजारच्या गावांत फटी पडतात. मॅपशेपर या साधनात सामाईक सीमा एकत्रच सरळ होते. १० टक्के बिंदू ठेवून बघा, आणि जिओजेसनमधले (वेबनकाशाची फाइल) रेखांश-अक्षांश पाच दशांशांवर आणा, ते सुमारे एक मीटरपर्यंत अचूक असतात. फाइल दोन एमबीच्या आत आली पाहिजे.

कातळ

मोबाइलचा नकाशा सरांसाठी करा, हरकत नाही. पण ग्रामसभेत रेंजवर विसंबू नका. फ्लेक्सवर पारदर्शक प्लास्टिक लावा आणि दोन मार्कर ठेवा. चुकलेला महिना आणि सुटलेला झरा लोक स्वतः लिहितील. त्याचा फोटो काढून जिओरेफरन्सरने (फोटोला नकाशावरची खरी जागा देणारं साधन) चार कोपऱ्यांवर आणि मधल्या दोन खुणांवर बसवा, म्हणजे दुरुस्त्या थेट लेअरमध्ये उतरवता येतील.