स्वयंपाकघर नव्याने करून घेताना : तुमचे अनुभव लिहा

मुक्कामपोस्ट

मंडळी, आमच्या पुण्यातल्या १९९४ सालच्या सोसायटीतलं स्वयंपाकघर एकदाचं उकरायचं ठरलंय. आठ बाय दहाची खोली, एल आकाराचा ओटा, खाली कडप्प्याचे कप्पे, कोपऱ्यात देवघर, बाहेर ड्राय बाल्कनी. शोरूमवाले संगणकावर चित्र काढून देतात. त्यातल्या ओट्यावर एक फुलदाणी आणि तीन लिंबं असतात. आमच्या ओट्यावर सकाळी साडेसातला कणकेची परात, दोन कुकर, चार डबे, त्यांची भलत्याच डब्यांना लावलेली झाकणं आणि निवडायची मेथी असते. त्यामुळे चित्रं पुरे झाली.

ज्यांनी हे काम करून घेतलंय त्यांनी सविस्तर लिहा. आधी काय ठरवलं, पैसे कशावर घातले, कशावर मुद्दाम घातले नाहीत. दर गावागणिक वेगळे, ते नसले तरी चालेल. घर कुठे आहे आणि स्वयंपाक कोण करतं, एवढं मात्र जरूर सांगा.

चिंचगूळ

ठाणे. स्वयंपाक मी आणि सासूबाई. मी पाच फूट सहा इंच, त्या चार फूट अकरा. सगळं घोडं इथेच अडलं होतं.

मिस्त्री सरसकट ३२-३३ इंचांचा ओटा बांधून मोकळे होतात. ढोबळ हिशेब असा की ताठ उभं राहून कोपर वाकवायचं, आणि कोपराच्या चार ते सहा इंच खाली ओटा यायला हवा. पण हा हिशेब चिरण्या-कापण्याचा झाला. पोळी लाटताना वरून जोर द्यावा लागतो, म्हणजे जागा आणखी खाली हवी. गॅसवर उंच पातेलं चढलं की हात आपोआप वर जातो, म्हणजे तीही खालीच. सिंकचं बरोबर उलट: आपण काम करतो ते त्याच्या तळाशी, त्यामुळे सिंक थोडं उंच असलं तरच पाठ वाचते.

आम्ही मुख्य ओटा ३४ इंचांचा केला आणि खिडकीशी अडीच फुटांचा एक तुकडा ३० इंचांवर ठेवला. "लेव्हल तुटते वहिनी, दिसायला बरं नाही," असं मिस्त्री तीनतीनदा म्हणाला. ठरवण्याआधी जेवणाच्या टेबलाच्या पायांखाली विटा घालून सासूबाईंना खरोखरच्या पोळ्या लाटायला लावल्या होत्या. दर वेळी भिंतीवर खडूची रेघ. त्यांना जी रेघ पटली, तीच मिस्त्रीला दाखवली. आता त्या तिथे कणीक मळतात, स्टूल ओढून मटार सोलतात, आणि पाहुण्यांना तो तुकडा आधी दाखवतात. मापं घेताना घरात घालायची चप्पल पायात ठेवा, तिचा अर्धा-पाऊण इंच मोजायचा राहून जातो.

गवतीचहा

मुंबई, जुनी इमारत. मुक्कामपोस्ट, तुमचीही सोसायटी जुनी आहे म्हणून आधी कागदपत्रांचं सांगते. सोसायटीची लेखी परवानगी, डिपॉझिट, कामाच्या वेळा आणि डेब्रिज कुठून कधी उतरवायचं हे सगळं सेक्रेटरींकडून लिहून घ्या. सिंक आहे त्या भिंतीवरून हलवून खालच्या लोकांच्या हॉल-बेडरूमच्या डोक्यावर नेणार असाल तर परवानगी मिळणं कठीण, आणि मिळू नयेच. गळती सुरू झाली की वर्षानुवर्षांचं वैर. बीम-कॉलमला हात लावायचा नाही, हे तर उघडच आहे.

पाइपगॅस असेल तर मीटर किंवा नळी नेहमीच्या प्लंबरकडून हलवून घेऊ नका. गॅस कंपनीकडे अर्ज करायचा, त्यांची माणसं येऊन करतात. त्याला वेळ लागतो, म्हणून तो अर्ज तोडफोडीच्या आधी.

मग क्रम: तोडफोड, प्लंबिंग, वायरिंगच्या खाचा, वॉटरप्रूफिंग, पाणी भरून ठेवून चाचणी, फरशी आणि डॅडो (ओट्यामागच्या भिंतीच्या टाइल्स), ओट्याचा दगड, आणि सुतार सगळ्यात शेवटी. पाणी भरून निदान दोन दिवस ठेवा आणि खालच्या मजल्यावर स्वतः जाऊन छत बघून या. भिंतीत पाइप आणि वायरी गेल्या की प्लास्टर होण्याआधी टेप धरून फोटो काढा. जमिनीपासून किती, कोपऱ्यापासून किती, हे फोटोत दिसलं पाहिजे. पुढे चिमणी लावायला आलेला माणूस ड्रिल हातात घेऊन "इथून लाइन गेलीये का?" असं विचारतो, तेव्हा हे फोटो कामी येतात.

विजेबद्दल एकच. ओव्हन, इंडक्शन, गीझर यांना १६ अँपियरचे पॉइंट हवेत, आणि ओव्हन नि इंडक्शन दोन्ही असतील तर एकाच वायरवर नकोत. मिक्सरसाठी ओट्याच्या दोन्ही टोकांना साधे पॉइंट ठेवा. सिंकच्या जवळ एकही नको.

मुक्कामपोस्ट

गवतीचहा, गॅसच्या अर्जाचं डोक्यातच नव्हतं. उद्याच चौकशी करतो.

रानभेंडी

कुडाळजवळचं गाव. चिऱ्याचं घर, पावसात चार महिने भिंतींना ओल, आणि वाळवी बारमाही. कणकवलीच्या दुकानात पहिला प्रश्न "मॉड्युलर बघताय का?" हाच होता. बघितलं. सुंदर होतं. पण आमच्याकडे वखारीतल्या सागवानालाही वाळवी सोडत नाही, तर त्या दाबलेल्या भुश्श्याच्या बोर्डाचं काय घेऊन बसलात.

आम्ही जुने कडप्प्याचे कप्पे ठेवले. जिथे मोडले होते तिथे नवे घातले आणि पुढे अ‍ॅल्युमिनियमच्या चौकटीची दारं बसवली. ट्रॉल्या फक्त दोन, चमचे-वाट्यांची एक आणि ताटांची एक. बाकी भांडी स्टीलच्या मांडणीवर उघडी. झुरळं आली तर दिसतात, आणि धुतलेली भांडी वाऱ्याला सुकतात.

पैसे घातले ते मागच्या पडवीवर. तिथे दगडी सिंक, बाहेरचा नळ आणि मासे साफ करायला उतार दिलेली लादी. बांगड्याचं पाणी आतल्या सिंकमध्ये जातच नाही. शेजारी चूल ठेवली आहे, भात उकडायला, आंघोळीच्या पाण्याला आणि चतुर्थीला माणसं वाढली की. आणि आत, ओट्यालगत, भिंतीकडेची दोन बाय तीन फुटांची जमीन मोकळी सोडली. तिथे विळी घेऊन बसून नारळ खवता येतो. वाटप रोजचं, आणि खोबरं उभ्याने खवायची सवय आमच्या आईला या वयात काही लागणार नाही. इंटीरियरवाल्या मुलाने त्या जागेत पुल-आउट सुचवलं होतं. आई त्याला म्हणाली, "मगे बसू खंय?"

पाटावरवंटा

नाशिक. स्वयंपाक मी करतो, बायको वीकेंडला. सुताराकडून करून घेणाऱ्यांसाठी थोडं रूक्ष लिहितो.

प्लायवर आयएसआयची खूण आणि तिच्यासोबतचा क्रमांक बघा. आयएस ७१० म्हणजे उकळत्या पाण्याला टिकणारा, ज्याला दुकानदार मरीन म्हणतात. आयएस ३०३ हा साधारण वापराचा. तोही वाईट नाही, भिंतीवरच्या कपाटांना चालतो. सिंकखाली आणि ओट्याखाली मात्र ७१० शिवाय घेऊ नका. आणि प्लाय कितीही भारी असला तरी पाणी शिरतं ते कापलेल्या कडांतून. म्हणून दाराची खालची कड, जी उभ्याने कधीच दिसत नाही, तिला बँडिंग (कड झाकणारी पट्टी) आहे का हे आरसा धरून बघावं. आमच्या सुताराला याचा राग आला होता. येऊ दे.

ट्रॉल्यांच्या स्टीलला लोहचुंबक लावून "बघा, चिकटत नाही, म्हणजे ३०४", म्हणजे चांगल्या ग्रेडचं स्टील, असं दाखवतात. त्यात अर्थ नाही. २०२ या स्वस्त ग्रेडलाही चुंबक जवळपास चिकटत नाही, आणि त्यात निकेल कमी असल्याने आपल्या ओल्या भांड्यांनी ते लवकर गंजतं. बिलावर ग्रेड लिहून घ्या. दुकानदार लिहायला कां-कूं करू लागला की उत्तर मिळालंच.

रनिंग फूट (नुसत्या लांबीचा) आणि स्क्वेअर फूट (क्षेत्रफळाचा) हे दर एकमेकांशी ताडून बघता येत नाहीत, तेव्हा सगळ्यांकडून एकाच पद्धतीत कोटेशन मागा. हार्डवेअर, दगड आणि जीएसटी धरून की सोडून, हेही विचारा.

निलगिरी_सिडनी

इथला अनुभव वेगळा आहे, पण एक गोष्ट तुमच्याही उपयोगाची. आम्ही काम काढलं तेव्हा सगळ्यांच्या घरात असतो तसा क्वार्ट्झचा ओटा मनात होता. ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्या कृत्रिम दगडावरच बंदी घातली: बनवणं, विकणं, बसवणं, सगळंच बंद. कारण तो कापताना उडणारी सिलिकाची धूळ. ती फुप्फुसात बसून कारागिरांना सिलिकोसिस होत होता, आणि तो बरा होत नाही. घरात आधीच बसवलेल्या ओट्याने घरच्यांना काही होत नाही, धोका कापणाऱ्याला. आम्ही पोर्सेलिनची मोठी लादी घेतली.

भारतात क्वार्ट्झ सर्रास मिळतो. घेतलात तर गरम कढई थेट ठेवू नका, त्यातली रेझिन डाग धरते. आणि ग्रॅनाइट असो वा क्वार्ट्झ, जिन्यात कोरडा कापू देऊ नका. ग्रॅनाइटमध्ये सिलिका कमी असते, पण असतेच. पाण्याची धार सोडून कापा म्हणावं, आणि त्या पोराला नाकावर बांधायला रुमालाऐवजी नीट मास्क द्या.

फोडणीचं विचाराल तर, चिमणीचा पाइप थेट बाहेर. हवा गाळून घरातच सोडणाऱ्या चिमणीने हिंग-मोहरीचा वास सोफ्यात मुरतो.

चिंचगूळ

निलगिरी, +१. पाइप जितका सरळ आणि आखूड तितकी ओढ चांगली. म्हणून गॅसची जागा ठरवतानाच चिमणीचं भोक कोणत्या भिंतीला पडेल ते बघा. दोन-तीन वळणं आली की आवाज तेवढा मोठा आणि धूर घरात.

सुगडं

सोलापूर. माझं दोन ओळींचं. आराखडा नवऱ्याला दाखवला, बहिणीला दाखवला, आणि मग भांडी घासायला येणाऱ्या ताईंना. ड्राय बाल्कनीतली मोरी बुजवून मोठं सिंक बसवायचं सगळ्यांचं एकमत होतं. ताई म्हणाल्या, "पुरणाचं पातेलं आन् कढई त्या डबऱ्यात मावती का? मी बसूनच घासणार." मोरी ठेवली, तिचा कठडा फक्त चार इंच वाढवला आणि नळ खाली आणला. दिवसाआड पाणी येतं, त्यामुळे पिंपाची जागाही तिथेच निघाली. कडक भाकरी थापायला हॉबपेक्षा (ओट्यात बसवलेल्या गॅसपेक्षा) साधी शेगडी बरी, परातीपासून तव्यापर्यंत हात सरळ जातो. म्हणून ओटा कापून हॉब बसवला नाही.

मुक्कामपोस्ट

खूप कामाचं मिळतंय. सुगडं, मोरीचा मुद्दा आमच्याकडे रात्री जेवताना निघणार आणि गाजणार. रानभेंडी, तुमचं वाचून आमचा जुना कडप्पा ठेवावा असं वाटायला लागलंय. फळ्यांना पॉलिश दोन्ही बाजूंनी करून घेतलंत का?

रानभेंडी

हो, दोन्ही बाजूंनी. खालच्या बाजूने खरबरीत राहिला की खालच्या कप्प्यातून डबा काढताना बोटांची सालं निघतात. कडांची धार मारून घ्या, आणि मधल्या उभ्या फळ्यांचं अंतर तुमच्या सर्वात मोठ्या डब्याच्या मापाने ठेवा. आमच्याकडे तो तांदळाचा आहे, तो घेऊनच मिस्त्रीला बोलावलं होतं.