टाळेबंदीतलं विद्यापीठ आणि शांततेची मोहीम: तुम्ही काय जपलंत?

१९१८च्या ११ नोव्हेंबरला महायुद्ध थांबलं. त्याच सुमारास इन्फ्लुएन्झाच्या साथीने जगभरात कोट्यवधी माणसं नेली. युद्धाची स्मारकं गावोगाव उभी राहिली, साथीची मात्र शोधावी लागतात. २०२०मध्ये पुन्हा साथ आली तेव्हा अनेक विद्यापीठांतल्या लोकांना हे आठवलं आणि ते साथीच्या आठवणी जपायच्या कामाला लागले.

मला त्यातल्या एका कोपऱ्याबद्दल विचारायचंय. विद्यापीठांमधले शांतता गट, अण्वस्त्रांविरुद्ध काम करणारे विद्यार्थी, युद्धग्रस्त देशांतून शिकायला आलेले लोक यांचं सगळं काम एका आठवड्यात पडद्यावर गेलं. मोर्चा नाही, फलक नाही, हातात द्यायला पत्रक नाही. आणि काम तर वाढलेलं. २३ मार्च २०२०ला संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस अंतोनियो गुटेरेस यांनी जगभर युद्धबंदीची हाक दिली. सुरक्षा परिषदेला त्यावर ठराव करायला १ जुलै उजाडला. मधले तीन महिने ज्यांनी सह्या गोळा केल्या, पत्रं लिहिली, रात्री-अपरात्री बैठका घेतल्या, त्यांचं काय उरलं? अभिलेखागारात असाल, गटात असाल, वसतिगृहात अडकला असाल, लिहा. खरी नावं टाळा. लांबलं तरी चालेल.

ग्रंथालयातून

'आपले अनुभव पाठवा' म्हटलं की माणसं निबंध पाठवतात. सगळे खंबीर, सगळे आशावादी, आणि कुणाचंच घर दिसत नाही. म्हणून आम्ही साधे प्रश्न विचारले. आज तास कुठे बसून ऐकलात? कुणाशी वाद झाला? शेवटचं कुणाला भेटलात? कल्पना आमची नव्हे. ब्रिटनमध्ये सामान्य लोकांचं रोजचं जगणं नोंदवणाऱ्या मास ऑब्झर्वेशन या प्रकल्पाने १२ मे १९३७ या एका दिवसाच्या रोजनिशा लोकांकडून मागवल्या होत्या. तो संग्रह आता ससेक्स विद्यापीठाकडे आहे, आणि १२ मे २०२०लाही त्यांनी लोकांना दिवस लिहून पाठवायला सांगितलं.

आमच्याकडे आलेल्यांतला एक फोटो मी विसरू शकत नाही. भिंतीवर कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर आखलेलं वेळापत्रक. विषयांचं नव्हे, फोनचं. घरात एकच स्मार्टफोन. सकाळी 'भाऊ – गणित', मग 'मी – सांख्यिकी', दुपारी 'चार्जिंग', आणि संध्याकाळच्या चौकोनात लाल पेनाने 'युद्धबंदी बैठक' लिहून खोडलेलं. त्या जागी 'आई – मामाला फोन'. आम्ही फोटो पाठवणाऱ्या मुलीला विचारून एवढंच नोंदवलं की खोडलं कुणी आणि का. तिचं उत्तर: 'मीच. मामा दवाखान्यात होता.' ही दोन वाक्यं नोंदीत नसती तर पन्नास वर्षांनी कुणीतरी म्हटलं असतं, मुलीला मोहिमेत रस नव्हता.

म्हणून माझा आग्रह असतो: फोटो घेताना त्याची हकिगत त्याच दिवशी लिहून घ्या. फोटो पुष्कळ येतात. त्यात कोण आहे, कुठे, कशासाठी, हे सांगणारा माणूस नंतर सापडत नाही.

शांतता गटातली (तेव्हा द्वितीय वर्ष)

२०२० हे आमच्यासाठी मोठं वर्ष होतं. हिरोशिमा-नागासाकीला ७५ वर्षं, आणि वसंत ऋतूत न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्र प्रसारबंदी कराराची आढावा परिषद. परिषद पुढे ढकलली गेली ती थेट ऑगस्ट २०२२पर्यंत. ६ ऑगस्टचा कार्यक्रम आम्ही ऑनलाइन घेतला. बॉम्बहल्ल्यातून वाचलेल्या एक आजी बोलल्या. त्या पिढीचं सरासरी वय तेव्हा ऐंशीच्या पुढे गेलेलं. प्रवासात जे कधीच जमलं नसतं ते पडद्यामुळे जमलं, हेही खरं.

त्या दीड तासाचं रेकॉर्डिंग आमच्याकडे आहे. पण आजी बोलत असताना खाली चॅटमध्ये जे चाललं होतं ते व्हिडिओत नाही. तिथे एकाने लिहिलं, 'माझं गाव गेल्या वर्षी बॉम्बने गेलं.' दुसरीने विचारलं, 'आता कुठे आहेस?' तिसऱ्याने दुसरं काहीच न लिहिता नुसतं त्या पहिल्याचं नाव लिहिलं. माझ्या मते खरा कार्यक्रम तिथे झाला. आमच्यातल्या एकीने बैठक संपायच्या आत चॅट उतरवून घेतला, आणि आम्ही त्यातल्या ओळींच्या वेळा व्हिडिओशी जुळवून ठेवल्या. ज्यांनी लिहिलं होतं त्या प्रत्येकाला नंतर विचारलं. दोघांनी नको म्हटलं, त्यांच्या ओळी काढल्या.

ऑनलाइन बैठकीतल्या छोट्या गटांच्या खोल्यांत काहीच रेकॉर्ड होत नसे. तिथे गेलेल्यांना दुसऱ्या दिवशी चार ओळी लिहायला सांगायचो. एकाच खोलीच्या तीन जणांनी तीन वेगवेगळ्या गोष्टी लिहिल्या, तशाच ठेवल्यात.

निवृत्त प्राध्यापक

माझ्याकडे जुन्या चळवळीची खोकी होती. १२ जून १९८२ला न्यूयॉर्कमध्ये अण्वस्त्रांविरुद्ध सुमारे दहा लाख लोक उतरले, त्या काळातली पत्रकं, वार्तापत्रं. टाळेबंदीत ती उघडायला वेळ मिळाला. एका विद्यार्थ्याने फोनवरून स्कॅन कसं करायचं ते शिकवलं आणि बजावलं, 'सर, मागची बाजूही घ्या.' किती योग्य! छापील मजकूर बऱ्याच संग्रहांत मिळेल. मागे पेन्सिलीने लिहिलंय की सभा संपेपर्यंत कुणाचं बाळ कोण सांभाळणार. बायका त्या चळवळीत आल्या कशा, याचं उत्तर त्या यादीत आहे.

मग जुन्या सहकाऱ्यांना फोन करून त्यांच्या परवानगीने ध्वनिमुद्रण सुरू केलं. समोर कॅमेरा नसला की वयस्क माणसं मोकळी होतात, असा माझा अनुभव आहे. आवाज खरखरतो, मध्ये कुकर वाजतो, वाजू दे.

आणखी एक. शांततेचं चिन्ह जेराल्ड होल्टम यांनी १९५८मध्ये रेखाटलं. त्यांची मूळ रेखाटनं ब्रॅडफर्ड विद्यापीठाच्या संग्रहात टिकली आहेत. आज मुलं पोस्टर संगणकावर करतात, आधीच्या खर्ड्यावर नवा चढतो आणि जुना जातो. आमच्या गटात मोठा वाद झाला: पोस्टरवर क्षेपणास्त्र दाखवायचं की व्हेंटिलेटर? स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या हिशेबाने २०२०मध्ये जगाचा लष्करी खर्च १,९८१ अब्ज डॉलर होता, आदल्या वर्षापेक्षा २.६ टक्क्यांनी जास्त. साथीच्या वर्षात! म्हणून काहींना दोन्ही चित्रं शेजारीशेजारी हवी होती. काहींना वाटलं, ज्यांच्या घरात कुणी त्या यंत्रावर आहे त्यांना ते बघवणार नाही. शेवटी नुसते आकडे छापले. खर्डे सगळे राखून ठेवायला लावले मी, कारण वाद त्यांच्यातच दिसतो.

धागाकर्ता: सर, खर्ड्यांबरोबर तो वादही लिहून ठेवलाय का कुणी? नसेल तर कृपया सांगून ठेवा, कुणीतरी टिपून घेईल.

वसतिगृहाच्या व्यवस्थेतून

आमच्याकडे कुणी आठवणी मागायला आलंच नव्हतं. विद्यापीठ 'बंद' होतं म्हणतात. बंद कुठे होतं? पाणी सोडायला माणूस लागतो, प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना खाणं लागतं, परत जाऊ न शकलेली मुलं होती. शांतता गटाच्या मुलींनीच पुढे होऊन आमचं बोलणं नोंदवलं. त्यांचं म्हणणं, युद्ध थांबवा म्हणणाऱ्यांनी आधी आपल्या फाटकावर कोण उभं आहे ते पाहावं. मला ते पटलं.

फाटकाची वहीही मागितली त्यांनी. त्यात रोज येणाऱ्याजाणाऱ्याचं नाव, फोन नंबर, तापमान. मी म्हटलं, ही लोकांची तब्येत आहे, अशी उघड्यावर द्यायची नाही. मग ठरलं की वही अभिलेखागारात जाईल पण बंद राहील, ठरलेली वर्षं उलटल्यावरच उघडेल. आमची शेरे लिहायची सवय असते. एका पानावर 'आज कोणी आले नाही' एवढंच आहे, पाळीवाल्याच्या सहीसकट. ते पान तेवढं द्यायला माझी हरकत नव्हती.

परदेशात अडकलेला विद्यार्थी

माझ्या देशात युद्ध चालू होतं. विमानं बंद, त्यामुळे परतता येत नव्हतं, आणि परतावं की नाही तेही कळत नव्हतं. युद्धबंदीच्या निवेदनावर मी सही केली, एका सभेत बोललो. गटाने सगळं जपून ठेवलं, कौतुकाने. काही महिन्यांनी घरून निरोप आला की तिथे नावं शोधली जाताहेत.

मी गटाला कळवलं. कुणी 'पण इतिहास' वगैरे म्हटलं नाही, याबद्दल मी आयुष्यभर ऋणी आहे. त्याच दिवशी सार्वजनिक प्रतीतून माझं नाव, चेहरा आणि आवाज काढला. मूळ प्रत एका बंद पेटीत ठेवली आणि ती कधी उघडायची हे मी ठरवणार असं लेखी दिलं. निवेदनांचा संग्रह करणाऱ्यांना माझं सांगणं आहे: आज सुरक्षित असलेला माणूस उद्या नसतो. संमती एकदा घेऊन फाइल बंद करू नका, दरवर्षी विचारा. आणि 'नको' म्हणायचा रस्ता सोपा ठेवा, अर्ज-बिर्ज न भरता.

संगणक विभागातून, थोडक्यात

समाजमाध्यमांवरची पानं इंटरनेट आर्काइव्हच्या वेबॅक मशीनला (जुनी वेबपानं जपणारी सेवा) बऱ्याचदा नीट टिपता येत नाहीत, लॉगिन आडवं येतं. तिथलं साहित्य गटाने स्वतःच वेळेत उतरवून घ्यावं. तीन प्रती, दोन प्रकारच्या साधनांवर, एक दुसऱ्या इमारतीत. प्रत्येक फाइलचा चेकसम (फाइलच्या मजकुरावरून निघणारा ओळख-आकडा) काढून ठेवा, म्हणजे ती पुढे बदलली किंवा खराब झाली तर कळेल. फाइलच्या नावात तारीख आधी, वर्षापासून. आणि खातं विद्यार्थ्याच्या वैयक्तिक मेलवर असेल तर तो पास होऊन गेल्यावर सगळं कुलूपबंद होतं, हे आधी बघा.

माजी विद्यार्थिनी

माझा प्रश्न आहे. २२ जानेवारी २०२१ला अण्वस्त्रांवर पूर्ण बंदी घालणारा अण्वस्त्र बंदी करार (प्रसारबंदी करारापेक्षा वेगळा) अमलात आला. त्या संध्याकाळी आमच्या बाई पडद्यावर आल्या, आधीच्या २४ ऑक्टोबरला पन्नासाव्या देशाने त्याला अंतिम मान्यता (अनुसमर्थन) दिली तेव्हा कसं वाटलं ते सांगितलं, खूप हसल्या. वसंतात त्या साथीत गेल्या. रेकॉर्डिंग माझ्याकडे आहे. संमतीपत्र नाही, तेव्हा कुणाला सुचलंच नव्हतं. त्यांच्या मुलाला विचारायला धीर होत नाही.

ग्रंथालयातून

ताई, विचारा. पण आधी त्यांना ऐकायला द्या, परवानगीचा विषय त्या दिवशी काढूच नका. आमच्याकडे अशा वेळी घरच्यांना पूर्ण प्रत पाठवतो आणि महिनाभर थांबतो. काहींनी एखादा भाग वगळायला सांगितला, काहींनी आणखी फोटो आणून दिले. उत्तर येईपर्यंत फाइल बंद विभागात ठेवू, तिची जबाबदारी आमची. मूळ रेकॉर्डिंग फोनवरच असेल तर त्याची प्रत मात्र आजच काढा.