अकरावीला प्रोजेक्टाईल मोशन मुलांच्या हातून कसं करवून घ्यायचं?

अकरावी_ब_ची_मॅडम
नमस्कार मंडळी. इंदुरात एका सीबीएसई शाळेत अकरावीला फिजिक्स शिकवते. पुढच्या आठवड्यात प्रोजेक्टाईल मोशन (फेकलेली वस्तू हवेतून कशी जाते ते) सुरू करायचंय आणि वरून फर्मान आलंय की लेसन प्लॅन स्टुडंट सेंटर्ड हवा, फाईव्ह-ई फॉरमॅटमध्ये (एंगेज, एक्सप्लोर, एक्सप्लेन, इलॅबोरेट, इव्हॅल्युएट असे पाच टप्पे). फॉरमॅट भरायला काय, पाच रकाने आहेत, लिहून टाकीन. खरा प्रश्न वर्गाचा आहे.

चाळीसच्या वर मुलं, ४० मिनिटांचा तास, त्यातले दोन तास सलग मिळवलेत कसेबसे. निम्मी मुलं कोचिंगला जातात त्यामुळे फळ्यावर थीटा (फेकण्याचा कोन) लिहिला की मागून कोणीतरी 'यू स्क्वेअर साइन टू थीटा बाय जी', म्हणजे किती लांब पडेल त्याचं सूत्र, म्हणून मोकळा. पण त्याच मुलाला विचारा की तिरका फेकलेला चेंडू सगळ्यात वर पोचला की त्याचा वेग किती, तर छातीठोकपणे सांगतो झिरो. फेट (PhET) या वेबसाइटचं सिम्युलेशन आहे, छान आहे, पण स्मार्टबोर्डवर माउस मी हलवणार आणि मुलं बघणार, मग त्यात स्टुडंट सेंटर्ड ते काय? मुलांना मोबाईल आणायला बंदी आहे, माझा चालतो. लॅबमध्ये सामान यथातथाच. कोणी खरंच वर्गात करून पाहिलेलं असेल तर सांगा, प्लीज गुगलवरचे पीडीएफ नको.

रामबागचे_काका
मॅडम, मी आता रिटायर आहे, पण नोकरीभर हा धडा शिकवलाय. सूत्र येणाऱ्या मुलांशी सूत्रावर वाद घालूच नका, तिथे ती जिंकणार. पहिल्या पाच मिनिटांत त्यांच्याकडून चित्र काढून घ्या. टेबलाच्या कडेवरून गोळी घरंगळत निघाली, ती जमिनीपर्यंत कुठल्या रस्त्याने जाईल ते वहीत पेनाने काढायचं, पेन्सिलने नाही, आणि खाली स्वतःचं नाव. बरीच मुलं गोळी आधी सरळ पुढे नेतील आणि मग एकदम खाली वळवतील. हसू नका त्यांना. टार्टाग्लिया नावाच्या इटालियन गणितज्ञाने १५३७ च्या पुस्तकात तोफगोळ्याचा रस्ता साधारण असाच काढला होता, आधी सरळ, मग थोडा बाक, मग थेट खाली. आणि तो काही कच्चा माणूस नव्हता, ४५ अंशाला गोळा सर्वात लांब जातो हे त्यानेच लिहून ठेवलंय.

चित्र झालं की दोन नाणी. एक टेबलाच्या कडेवरून सरळ खाली सोडायचं आणि त्याच क्षणी दुसऱ्याला टिचकी मारून आडवं उडवायचं. आधी हात वर करून मत घ्या, कुठलं आधी पडणार. मग सगळ्यांनी डोळे मिटायचे आणि फक्त कान द्यायचे. एकच 'टक' येतो. पहिल्या खेपेला कोणाचाच विश्वास बसत नाही, पुन्हा करा म्हणतात, तर तुम्ही बाजूला व्हा आणि त्यांनाच करू द्या, तिथून वर्ग त्यांचा झाला.

स्लोमोशनवाले_सर
काकांचं चित्रवालं एकदम पटलं. मी त्याला व्हिडिओ जोडतो, मॅडमचा एक फोन पुरे. ८० सेंटीमीटर उंचीचं टेबल फळ्याला चिकटवायचं, फळ्यावर १० सेंटीमीटरचे चौकोन आखायचे, फोन लांबून सरळ समोर ठेवायचा, हातात धरायचा नाही. गोळी फळ्याच्या अगदी जवळून पडली पाहिजे नाहीतर मापं चुकतात. साधा व्हिडिओ सेकंदाला ३० फ्रेमचा असतो, म्हणजे दर तिसरी फ्रेम थांबवली की ०.१ सेकंदाचं अंतर मिळतं. मुलांनी एकेक करून फळ्यावर खडूने ठिपका द्यायचा.

आता गंमत बघा, आडव्या दिशेला ठिपके सारख्या अंतरावर येतात आणि उभ्या दिशेला पहिल्या टप्प्यात साधारण ५ सेंटीमीटर, मग १५, मग २५, मग ३४. म्हणजे १, ३, ५, ७ चं प्रमाण. हे सांगायचं नाही हं! मुलांना बेरजा-भागाकार करत बसू द्या, कोणीतरी ओरडतंच. एकदा ओरडलं की 'आडवी गती वेगळी, उभी गती वेगळी' हे वाक्य तुम्हाला बोलावंच लागत नाही, आणि वर पोचलेल्या चेंडूचा वेग झिरो का नाही हेही तीच मुलं सांगतात कारण आडवे ठिपके कुठेच थांबलेले नसतात. वेळ उरला तर व्हिडिओवरून मापं काढणारं ट्रॅकर सॉफ्टवेअर फुकट आहे, लॅबच्या कॉम्प्युटरवर टाका, पण पहिल्या दिवशी खडूच बरा.

भंवरकुआं_कोचिंग
माफ करा पण जरा उलटं बोलतो. मी कोचिंगमध्येच शिकवतो. अकरावीचा सिलॅबस बघितलाय ना? दोन तास नाणी टाकण्यात आणि ठिपके मोजण्यात घालवले तर न्यूमेरिकल कधी करणार? मुलं शेवटी पेपर देणार आहेत, नाणं टाकून मार्क मिळत नाहीत. सिम्युलेशन पाच मिनिटं दाखवा, डेरिव्हेशन करा, वीस गणितं सोडवून घ्या, झालं.

रामबागचे_काका
भैया, तुमचीच मुलं 'झिरो' सांगतायत ना. 😄 वीस गणितं अवश्य करा, पण एक गणित असं द्या की ज्याचं उत्तर मागच्या पानावर नाही, जमिनीवर आहे.

मॅडम, दुसऱ्या तासाला हे करा. लाइटच्या वायरिंगची प्लास्टिकची केसिंग पट्टी घ्या, वाकवून उतार करा, खालचं टोक टेबलाच्या कडेशी आडवं चिकटवा. आडवं आहे की नाही हे बघायला गोळी तिथे नुसती ठेवून द्यायची, जागची हलली नाही तर बरोबर. कडेवरून दोरा आणि नट सोडून ओळंबा धरा, त्याच्याखाली जमिनीवर खूण, अंतर तिथून मोजायचं. जमिनीवर पांढरा कागद, त्यावर कार्बन पेपर. गोळी पडली की बारीक काळा ठिपका उमटतो. उतारावर एकच जागा ठरवायची, समजा कडेपासून १० सेंटीमीटर उंच, तिथूनच दर वेळी सोडायची, ढकलायची नाही. चार-सहा ठिपक्यांचा घोळका येईल, त्याचा मध्य धरा. उंचीवरून वेळ निघते, ८० सेंटीमीटरला ०.४ सेकंद, अंतर भागिले वेळ म्हणजे कडेवरचा वेग.

आता चॅलेंज. तीच पट्टी, तीच १० सेंटीमीटरची जागा, पण बुटकं टेबल, ४५ सेंटीमीटरचं. प्रत्येक गटाने गणित करून जमिनीवर डबीचं झाकण ठेवायचं आणि एकच संधी. वाटी ठेवू नका, वाटीच्या काठाला उंची असते आणि ती धरायची राहून जाते. ट्रायल घ्यायची नाही, आधी गणित मगच गोळी. झाकणात 'टण्ण' वाजलं की पोरं बाक वाजवतात, शेजारच्या वर्गाला आधीच सांगून ठेवा.

भंवरकुआं_कोचिंग
हे बरंय, मान्य. पण हुशार मुलं मोजणारच नाहीत काका, सरळ एमजीएच बरोबर हाफ एमव्ही स्क्वेअर (उंचीची एनर्जी बरोबर वेगाची एनर्जी) लावून वेग काढतील. १० सेंटीमीटरला १.४ मीटर पर सेकंद, पाठच आहे त्यांना.

रामबागचे_काका
लावू द्या की! तिथेच तर मजा आहे. त्या हिशेबाने उंच टेबलावरून गोळी ५७ सेंटीमीटरवर पडायला हवी. ती पडते ४८ च्या आसपास, कधी त्याच्याही अलीकडे. कारण गोळी घसरत नाही, घरंगळते, तेव्हा थोडी एनर्जी स्वतःभोवती फिरण्यात जाते. भरीव गोळीला वेग निघतो टेन बाय सेव्हन जीएच च्या वर्गमुळाइतका, म्हणजे साधारण १.१८, आणि पट्टीचं घर्षण वेगळंच. रोटेशन, म्हणजे स्वतःभोवती फिरणं, पुढे एका धड्यात येणारच आहे त्यामुळे आत्ता समजावू नका. 'नऊ सेंटीमीटर कुठे गेले' एवढं फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवा आणि पुसू देऊ नका. म्हणूनच म्हणतो वेग मोजूनच काढायचा. गॅलिलिओने १६०८ च्या सुमारास पादुआत हेच केलं होतं, उतारावरून गोळी सोडून टेबलावरून उडी मारायला लावायची आणि कुठे पडते ते मोजायचं. त्यावरचं त्याचं पुस्तक आलं थेट १६३८ ला.

राजवाडा_गेर_फॅन
मी शिक्षक नाही, कॉमर्सवाला आहे, माझी मुलगी अकरावीत आहे म्हणून वाचतोय. तिरकं फेकण्यासाठी पाण्याचा पाईप का नाही वापरत? रंगपंचमीच्या गेरमध्ये (आपल्या इंदूरच्या मिरवणुकीत) टँकरवरून रंगाची धार उडते ती अख्खी कमान डोळ्यासमोर उभी असते, चेंडू तर दिसेदिसेपर्यंत पडतो.

स्लोमोशनवाले_सर
कॉमर्सवाले असून फर्स्ट क्लास सुचवलंत! धारेतला प्रत्येक थेंब म्हणजे एक प्रोजेक्टाईल आणि कमान हलत नाही म्हणून मुलं पट्टी लावून मोजू शकतात. पाईपचं तोंड जमिनीलगत ठेवा, नाहीतर ३० आणि ६० अंशांची जोडी जुळणार नाही (दोन्ही धारा सारख्याच लांब पडायला हव्यात). नळ तेवढाच सोडून ४५ अंशाला धार २ मीटर जात असेल तर ३० ला आणि ६० ला दोन्ही वेळा १.७३ मीटरवर पडेल. उंची मात्र ३० ला २५ सेंटीमीटर आणि ६० ला ७५, तिप्पट. हेही आधी विचारायचं, मग नळ सोडायचा. बागेत करा म्हणजे झाडांना पाणी होईल, नर्मदेचं पाणी इतक्या लांबून चढवून आणतात आणि आपण फिजिक्सच्या नावाखाली गटारात सोडलं तर प्रिन्सिपल आपल्यालाच प्रोजेक्टाईल करतील.

अकरावी_ब_ची_मॅडम
बापरे, एका रात्रीत एवढं! सगळ्यांचे आभार. तर मी असं ठरवतेय: पहिल्या तासाला पेनाने चित्र, नाणी आणि खडूचे ठिपके. दुसऱ्याला केसिंग पट्टी आणि झाकण. पाईप शनिवारी बागेत, आणि डेरिव्हेशन त्यानंतर सोमवारी, तेव्हा मुलांना एक्स आणि वाय वेगळे का लिहायचे ते माहीत असेल. न्यूमेरिकल घरी देईन, कोचिंगवाल्या सरांचा मान राखून. 🙂

शेवटी तपासायला सूत्राचा प्रश्न नको असं वाटतंय. एक यादी देऊन 'यातलं प्रोजेक्टाईल कोण आणि का' असं विचारलं तर? गेरची धार, नीरज चोप्राचा भाला, गौतमपुऱ्याचं हिंगोट (दारू भरून पेटवून फेकतात ते फळाचं कवच), बाउंड्रीवरून फेकलेला बॉल.

भंवरकुआं_कोचिंग
यादी जबरदस्त आहे, मीच चोरणार. हिंगोटमध्ये दारू जळत असते, जळतंय तोवर धक्का मिळत राहतो, त्यामुळे तेवढा वेळ तरी प्रोजेक्टाईल नाही. भाल्याला हवा उचलून धरते म्हणून तो ४५ ला नाही, साधारण पस्तिशीत सोडतात. टोक्यो ऑलिंपिकमध्ये नीरजचा भाला ८७.५८ मीटर गेला तो काही साइन टू थीटाच्या भरवशावर नाही. बाउंड्रीच्या बॉलवर मात्र मुलं भांडतील, हवा किती धरायची यावर. भांडू द्या. आणि हो, कमी अंशात माणूस जास्त जोरात फेकू शकतो हे पण कोणीतरी काढेल, त्याला हात जोडा.

अकरावी_ब_ची_मॅडम
एकच राहिलं, गोळ्या कुठे मिळतील? काचेच्या गोट्या चालतील का?

रामबागचे_काका
गोट्या नको, फरशीवर फुटतात आणि सगळ्या सारख्या गोल नसतात. सायकलच्या नाहीतर गाडीच्या रिपेअरिंगवाल्याकडे जुन्या बेअरिंगचे छर्रे मागा, मोठे बघून घ्या, पट्टीच्या तळाशी टेकले पाहिजेत, कडांवर अडकता कामा नये. रॉकेलच्या फडक्याने पुसून घ्या नाहीतर ग्रीसने कागद खराब होतो. कार्बन पेपर खजुरी बाजारात मिळेल. प्रत्येक गटाला दोन छर्रे द्या, एक कपाटाखाली जातोच.