स्मृतिभ्रंश सुरू झालेल्या आईवडिलांचं कुलमुखत्यारपत्र: कराच की उपयोग नाही?

कोथरूडचा_बाळ:
बाबा ७८. डॉक्टर म्हणतात स्मृतिभ्रंशाची सुरुवात आहे. अजून हिशेब चोख, सही ठाम. माझं स्पष्ट मत: अशा घरांनी ताबडतोब नोंदणीकृत कुलमुखत्यारपत्र (पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे बाबांच्या वतीने व्यवहार करायचा अधिकार) करून मोकळं व्हावं. ‘बाबांना काय वाटेल’ करत लोक बसून राहतात आणि मग अंगठ्यासाठी धावाधाव.

वकिलीणबाई:
करा, पण त्यावर विसंबू नका. करार कायदा १८७२, कलम २०१: लिहून देणाऱ्याची मानसिक क्षमता गेली की मुखत्यारी संपली. ज्या दिवसासाठी कागद केलात, त्याच दिवशी तो बाद.

कोथरूडचा_बाळ:
कायद्याचं कायद्यापाशी. विचारतं कोण? आमच्या बिल्डिंगमध्ये दोघातिघांचं बिनबोभाट चाललंय.

वकिलीणबाई:
कुणी आडवं येईपर्यंत चालतं. मुखत्यार म्हणून फ्लॅट विकायला दुय्यम निबंधकाकडे जा. तिथे घोषणापत्र द्यावं लागतं की लिहून देणारा मयत नाही, आणि ‘अन्य कोणत्याही कारणामुळे’ मुखत्यारपत्र रद्दबातल ठरलेलं नाही. त्याच कागदावर खाली नोंदणी अधिनियमाचं कलम ८२ छापलेलं असतं. खोट्या घोषणेला सात वर्षांपर्यंत कैद आहे त्यात. उद्या बहिणीने बाबांची न्यूरोलॉजिस्टची फाइल काढली, की बिनबोभाट वगैरे विसरा.

स्लाऊ_ते_सातारा:
इंग्लंडमध्ये २००५ च्या मेंटल कपॅसिटी अ‍ॅक्टखाली ‘लास्टिंग पॉवर ऑफ अटर्नी’ मिळते. पैशांची वेगळी, उपचारांची वेगळी. क्षमता गेल्यावरही चालते, उपचारांची तर तेव्हाच सुरू होते. आपल्याकडे आणायला काय हरकत आहे?

धाकटी_सून:
माझी हरकत आहे! तिकडे त्यावर पब्लिक गार्डियनचं कार्यालय बसलंय. इथे कोण बसणार, चुलत दीर? सातबाऱ्यावरून डोकी फुटतात आपल्याकडे. विचारशक्ती गेलेल्या म्हाताऱ्याची सगळी इस्टेट एकाच मुलाच्या हातात, आणि हिशेब मागणारं कुणी नाही. त्यापेक्षा कोर्ट परवडलं.

वकिलीणबाई:
परवडतं का ते विचारा ज्यांनी केलंय त्यांना. स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाच्या मालमत्तेवर पालक नेमायला सरळ कायदाच नाही. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा प्रतिनिधी नेमू देतो, पण तो उपचारांपुरता. मग हायकोर्टात राज्यघटनेच्या कलम २२६ खाली रिट अर्ज. डॉक्टरांचे अहवाल, सगळ्या वारसांचं म्हणणं, आणि तोवर आयाबाईचा पगार कुणाच्या खिशातून?

निवृत्त_कॅशियर:
वाद चालू द्या, आधी पासबुक बघा. जॉइंट खातं आहे म्हणून निर्धास्त असतात लोक आणि आत ‘फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर’ लिहिलेलं असतं. म्हणजे पहिला जिवंत असेपर्यंत दुसऱ्याला छदाम नाही. ‘आयदर ऑर सर्व्हायव्हर’ करून घ्या, म्हणजे दोघांपैकी कुणीही व्यवहार करू शकतं; एफडीलासुद्धा. बाबा स्वतः सही करू शकतात तोवर. राहतं घर मुलाला बक्षीस द्यायचं तर महाराष्ट्रात मुद्रांक फक्त २०० रुपये, नोंदणीचा खर्च वेगळा.

धाकटी_सून:
२०० रुपयांत घर गेलं आणि सासरे गॅलरीत! बक्षीसपत्रात ‘सांभाळ करीन’ ही अट लिहून घ्या. तरच सांभाळ न झाल्यास बक्षीस रद्द करून घ्यायला २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याचं कलम २३ नीट कामाला येतं.

कोथरूडचा_बाळ:
खातं उद्याच बदलतो. मुखत्यारपत्र तरीही करणार. बाबा चांगले आहेत तोवर टॅक्स, सोसायटी, भाडेकरू तरी बघता येतील. फ्लॅटचं पुढचं पुढे.

वकिलीणबाई:
फ्लॅटचंच आत्ता बघा हो. भाडेकरू थांबेल.