जुन्या सेस्ना १५० विमानाच्या दोन्ही योकवर (सुकाणूंवर) पीटीटी (दाबून बोलायचं) बटण बसवायचंय, वायर नक्की कुठून न्यावी?

कोयनाकाठ (कराड)

नमस्कार मंडळी. आमच्याकडे १९६६ ची सेस्ना १५० एफ आहे, मामा आणि मी मिळून सांभाळतो, कराडला वारुंजीच्या धावपट्टीवर असते. विमान तब्येतीला झकास आहे, ओ-२०० इंजिन गोड चालतंय, पण रेडिओची व्यवस्था अजून साठच्या दशकातलीच, म्हणजे हातात धरायचा माइक आणि डोक्यावर छतात स्पीकर. हेडसेट नाही, इंटरकॉम नाही, एकमेकांशी बोलायचं तर ओरडायचं.

आता हे बदलायचंय त्याला कारण असं झालं की मागच्या महिन्यात फायनलवर (उतरण्याआधीच्या शेवटच्या सरळ टप्प्यात) होतो, तीनेकशे फूट उंची असेल, डावा हात योकवर, उजवा थ्रॉटलवर, आणि कॉल द्यायला थ्रॉटलवरचा हात काढून माइक उचलला. कॉल दिला, माइक परत हुकात अडकवताना नीट बसलाच नाही, सटकला आणि खाली पायात गेला, आणि त्याची पिळाची वायर रडरच्या डाव्या पेडलला अडकली. उजवीकडून थोडा वारा होता, पाय हलवायला गेलो तर काहीतरी अडतंय असं लागलं. मामानं खाली वाकून वायर ओढून काढली. उतरलो नीट, पण पार्किंगला आल्यावर पाच मिनिटं दोघंही काही बोललो नाही. मी एकटा असतो तर वाकलं कोण असतं, हाच विचार डोक्यातून जात नाही.

तर आता दोन जणांचा इंटरकॉम, दोन हेडसेट आणि दोन्ही योकवर बोलायचं बटण असं ठरवलंय. प्रश्न असे की, एक, योकला भोक पाडून बटण आत बसवावं की पट्ट्यानं बांधायचं मिळतं ते घ्यावं. दोन, वायर योकच्या पोकळ दांड्यातून पॅनेलमागं न्यावी की बाहेरून, कारण आतून नेली तर दिसायला लई भारी दिसेल. तीन, मामा म्हणतो बटणं दोन असली तरी काम एकच आहे, दोन्ही पॅरलल जोडून एकाच वायरीवर टाक. हे बरोबर आहे का? कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा.

जुना हँगरवाला

तुमचा पेडलचा प्रसंग वाचला, हाताच्या माइकचं हेच दुखणं आहे, त्यामुळे बदल करताय ते शंभर टक्के योग्य. मी बरीच वर्षं एएमई (विमान देखभाल इंजिनिअर) म्हणून काढली, आता निवृत्त आहे, त्यामुळे सही माझी चालणार नाही पण सांगतो.

पहिली गोष्ट कागदाची. विमान व्हीटी (भारतीय) नोंदणीचं आहे, म्हणजे आपलं आपण भोक पाडलं, बटण लावलं आणि उडालो असं नसतं. तुमच्या कॅमोला (विमानाची देखभाल आणि कागद सांभाळणाऱ्या संस्थेला) आधी सांगा. बदल मायनर धरला तरी त्याला मंजूर डेटा लागतो, काम लायसन्सवाल्या एएमईच्या देखरेखीत व्हायला हवं, लॉगबुकात नोंद आणि सीआरएस (विमान परत वापरायला सोडण्याची) सही हवी. कुठल्या किटला अमेरिकेचा एसटीसी (बदलाला दिलेली मंजुरी) असेल तर तो तुमच्या मॉडेलला लागू आहे का ते बघा, आणि तो इथं कसा मान्य करून घ्यायचा हे कॅमोलाच विचारा, विक्रेत्याच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.

आता वायर. दांड्यातून नेऊ नका असं माझं स्पष्ट मत आहे, आणि कारण तुमच्या रोजच्या वापरातलं आहे. विमान उभं केल्यावर तुम्ही कंट्रोल लॉक लावता ना, तो लाल पत्र्याचा, त्याची पिन डावीकडच्या योकच्या दांड्यातल्या भोकातूनच आरपार जाते. आतून वायर टाकली तर ती पिन रोज तिच्यावर घासणार, एक दिवस इन्सुलेशन सोलणार, आणि पीटीटीची वायर बॉडीला टेकली की झालं, कारण पीटीटी म्हणजे दुसरं काही नाही, ती वायर ग्राउंडला लावणं एवढंच. बटण न दाबता रेडिओ ट्रान्समिटवर राहणार. शिवाय तो दांडा पॅनेलमागं जिथं संपतो तिथं युनिव्हर्सल जॉइंट आहे, पुढं चेन आणि स्प्रॉकेट आहे, एलरॉन (विमान कलतं करणाऱ्या पंखांवरच्या फळ्या) तिथूनच चालतात. त्या जागेत एक सैल वायर म्हणजे काय होऊ शकतं ते मी सांगायला नको. एका विमानात पॅनेल उघडल्यावर चेनच्या दातात चेपलेली वायर मी या डोळ्यांनी पाहिली आहे, आधी कुणीतरी हौसेनं टाकलेली, बांधलेली सुद्धा नव्हती. पायलटची तक्रार एवढीच होती की योक उजवीकडे थोडा जड जातोय.

म्हणून बाहेरून, पिळाची कॉर्ड, लँडलाइन फोनला असायची तशी. योक पुढंमागं होतो, गोल फिरतो, पिळाची कॉर्ड ते सगळं सोसते. आणि पॅनेलकडचं टोक प्लगचं ठेवा, कायम सोल्डर करू नका. बटण अडकलं तर हवेत प्लग उपटायचा आणि जुन्या हँडमाइकवर यायचं. हँडमाइक काढून टाकू नका, फक्त त्याचा हुक चांगला बदला.

भोक पाडायचं म्हणाल तर साठ वर्षांचा योक आहे, भोकाच्या कडेपासून तडा सुरू होतो, आणि तो योकच तर हातात धरून उतरायचं असतं. पट्ट्यानं किंवा क्लॅम्पनं बसणारं बटण घ्या.

उजवी सीट

मी इन्स्ट्रक्टर आहे, वायरिंगमधलं मला फार नाही पण बटण कुठं असावं यावर बोलतो कारण यात लोक चुकतात. डावीकडे बसणाऱ्याचा डावा हात योकवर, उजवा थ्रॉटलवर. उजवीकडे बसणाऱ्याचं बरोबर उलट. म्हणून डाव्या योकला बटण डाव्या शिंगावर (योकच्या डाव्या मुठीवर) आणि उजव्या योकला उजव्या शिंगावर, दोन्ही बाहेरच्या बाजूला. दोन्हीकडं डावं शिंग धरून लावलेलं मी पाहिलंय, मग उजव्या सीटवरच्याला बोलायला थ्रॉटलवरचा हात उचलावा लागतो, म्हणजे तुम्ही जिथून सुरुवात केली तिथंच परत.

दुसरं, बटण अंगठ्याखाली वर ठेवायचं की तर्जनीखाली मागच्या अंगाला. जमिनीवर बसून दोन्ही करून बघा, योक पूर्ण मागं ओढून आणि पूर्ण वळवून. फ्लेअरमध्ये (टेकण्याआधी नाक उचलताना) मूठ घट्ट होते तेव्हा नकळत दाबलं जाणारं बटण नको. आणि पट्टा सैल राहू देऊ नका, उन्हात उभ्या विमानात घाम आणि उष्णतेनं तो हळूहळू फिरतो, मग बटण शोधायला नजर खाली जाते.

कराडला तर हे जास्तच महत्त्वाचं, टॉवर नाही, सर्किटमध्ये (धावपट्टीभोवतीच्या फेरीत) शिकाऊ पोरं असतात, सगळे एकमेकांच्या कॉलवरच चालतात. एकाचा माइक अडकला की ती फ्रीक्वेन्सी सगळ्यांसाठी बंद, एअरबँड (विमानांचा रेडिओ) एएम पद्धतीचा आहे त्यामुळे दोघं एकदम बोलले की नुसती किंचाळी ऐकू येते. रेडिओवरचा ट्रान्समिटचा दिवा बघायची सवय लावा. आणि बराच वेळ कुणाचाच आवाज आला नाही तर आधी आपलं बटण बघायचं, कारण आपण ट्रान्समिट करत असताना आपल्याला दुसऱ्या कुणाचं काहीच ऐकू येत नाही.

मिरज साउंड

विमानात कधी बसलो नाही, पण मिरजेत गाण्याच्या कार्यक्रमांची साउंड सिस्टीम लावतो आणि अॅम्प्लिफायर दुरुस्त करतो, पंधरा वर्षं झाली. माझा एक गिऱ्हाईक पायलट आहे, त्याच्या हेडसेटचे प्लग दोनदा दुरुस्त केलेत म्हणून हे माहितीय.

दादा, तिसऱ्या प्रश्नाचं सांगतो. माइकचा प्लग थोडा बारीक असतो, ५.२ मिमीच्या आसपास, आणि कानाचा आपला नेहमीचा पाव इंची, त्यामुळे एकमेकांत जात नाहीत. माइकच्या प्लगला तीन भाग, टोकाला पीटीटी, मधल्या रिंगला माइकचा आवाज, आणि बाकीची दांडी ग्राउंड. म्हणजे प्रत्येक माइकची स्वतःची पीटीटी त्याच्याच जॅकवर येते. मामांच्या म्हणण्याप्रमाणे दोन्ही टोकं एकत्र बांधली तर रेडिओ चालू होईल, खोटं नाही, पण कुणीही बटण दाबलं की इंटरकॉमला कळणार नाही बोलतंय कोण, दोन्ही माइक उघडतील आणि शेजारच्याचा श्वास, इंजिनाचा आवाज सगळं हवेत जाईल. स्टेजवर गायिका गात असताना तबलजीचा माइक फुल्ल सोडल्यासारखं होतं ते. इंटरकॉमला पायलट पीटीटी आणि कोपायलट पीटीटी अशा दोन वेगळ्या पिना असतात, तिथं वेगवेगळ्याच लावा.

आणि ग्राउंडचं जपा, नव्वद टक्के हम (घुमणारा आवाज) तिथूनच येतो. जॅक पॅनेलच्या पत्र्यात बसवताना खाली-वर फायबरचे वॉशर टाका म्हणजे जॅक पत्र्याला टेकणार नाही, माइकची वायर शील्डची घ्या आणि शील्ड एकाच टोकाला ग्राउंड करा, दोन्हीकडं केली की लूप झाला, मग अल्टरनेटरची शीळ कानात. इंजिनचे आरपीएम वाढले की शीळ पण चढत असेल तर समजा तेच आहे.

जुना हँगरवाला

मिरजवाले अगदी बरोबर बोलले. फक्त एक भर, वायर बाजारातली साधी पीव्हीसीची नको, जळली तर केबिनमध्ये विषारी धूर होतो. टेफझेलची (उष्णता सोसणाऱ्या प्लास्टिकच्या आवरणाची), २२ गेजची घ्या. एसी ४३.१३ चं (अमेरिकेच्या विमान खात्याच्या देखभालीच्या पुस्तकाचं) अकरावं प्रकरण वायरिंगचंच आहे, तुमच्या एएमईकडं असेल, वायर बांधायची कशी, वाकवायची किती, सगळं त्यात आहे.

काम झाल्यावर मल्टीमीटर बीपवर ठेवून बटणाच्या दोन वायरींना लावा आणि योक एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, पुढं, मागं, डावीकडं, उजवीकडं, सगळीकडं न्या. बटण न दाबता एकदाही बीप यायला नको. मग बटण दाबून धरून तेच करा, बीप एकदाही तुटायला नको.

कोयनाकाठ (कराड)

तीन आठवड्यांनी परत आलो, आधी सगळ्यांचे मनापासून आभार. कॅमोशी बोललो, एएमई साहेब आमच्या ओळखीचेच निघाले, त्यांनी कागद तयार केले आणि काम त्यांच्यासमोर झालं. क्लॅम्पवालं बटण, डाव्याला डाव्या शिंगावर, उजव्याला उजव्या. भोक कुठंच नाही. दोन्ही पीटीटी इंटरकॉमला वेगवेगळ्या. मामाला पॅरललचं पटत नव्हतं, मग मिरजवाल्या दादांचं तबलजीचं वाचून दाखवलं, मामा स्वतः भजनात पेटी वाजवतो, लगेच पटलं.

हँगरवाले काका, तुमची मल्टीमीटरची टेस्ट केली. बीप सगळीकडं बरोबर आला, पण दुसरंच काहीतरी सापडलं. डावा योक पूर्ण पुढं ढकलला की कॉर्ड सैल होऊन खाली लोंबत होती आणि मागं ओढताना कार्ब हीटच्या (कार्बोरेटर गरम करायच्या) मुठीला वेढा घालत होती. पहिल्या दोन वेळा काही झालं नाही, तिसऱ्यांदा योक डावीकडं वळवून मागं घेतला तर कार्ब हीटची मूठ अर्धा इंच बाहेर आली. नुसतं बघितलं असतं तर कळलंही नसतं. मग डाव्या बाजूचा जॅक पॅनेलच्या पार डाव्या कडेला, दाराजवळ नेला, कॉर्ड पण आखूड घेतली. त्यानंतर वीस वेळा तरी योक फिरवला, कुठंही लागत नाही.

इंजिन चालू करून बघितलं, शीळ नाही, आवाज स्वच्छ आहे. मामाचा आवाज हेडसेटमध्ये पहिल्यांदाच न ओरडता ऐकला. मंगळवारी साहेब सहीला येतायत. सही झाली की वर जाऊ, आणि पहिला कॉल मामा देणार, उजव्या सीटवरून.