स्क्रीन नको, हौदा द्या
नव्या पिकअपमध्ये आणखी मोठी स्क्रीन हवी, असं या चर्चेत कुणीतरी म्हटलंय. नको हो! अमेरिकेतल्या ओहायोच्या जानेवारीतल्या थंडीत हातमोजे घालून हीटर वाढवायला गोल बटणच लागतं.

माझं मागणं हौद्याचं, म्हणजे मागच्या माल ठेवायच्या जागेचं: लांब आणि कमी उंच कडांचा हवा. चार दारांच्या केबिनमागे बहुतेकदा साडेपाच फुटी हौदा येतो. ८ फुटी प्लायवुड फाळका पाडूनही बाहेर डोकावतं, मग टोकाला लाल फडकं बांधा. कडा तर इतक्या उंच, की तळाशी घरंगळलेला पाना काढायला मी चाकावर चढतो. (उंची विचारू नये.)

इंजिनाचं म्हणाल, तर रॅम १५०० या अमेरिकन पिकअपच्या २०२५च्या मॉडेलमधून ५.७ लिटरचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन गेलं आणि २०२६ला परतलं. म्हणजे गिऱ्हाईक ओरडलं की ऐकतात! हौद्यासाठीही ओरडूया की.